शीळ घालणारं यंत्र

"…मग गळतंय तरी कुठून, अक्का?"

प्रणीतने हातातला स्क्रू-ड्रायव्हर टेबलावर आपटला.

यमुनाक्का उंबऱ्याशी बसून डाळिंब्या सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"तांब्याचं झाकण घातलं. त्यावर दुसरं घातलं. वायरी बदलल्या, सोल्डर पुन्हा केलं. तरी शीळ आहेच!"

"आहे खरी," अक्का म्हणाल्या. "चुलीपाशी ऐकू येते."

"तुम्ही चेष्टा करताय."

"नाही रे. मी डाळिंब्या सोलतेय."

यमुनाक्कांनी पुण्याच्या कॉलेजात जन्मभर रेडिओचं शास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्या आणि या डोंगरावरच्या मठात येऊन राहिल्या. खाली खाडी, समोर समुद्र. सकाळी पूजा, दुपारी पंगत, उरलेल्या वेळात कुणाचा पंखा, कुणाचा रेडिओ.

प्रणीत तांडेल त्यांच्या शेवटच्या वर्गातला. याच खाडीकाठचा मुलगा. हुशार. आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा लवकरच कळलेलं.

गावातल्या लहान होड्यांना त्याने बोलायचे सेट दिले होते. एंजिन बंद पडलं, कुणाला दुखलंखुपलं, तर होडीतून हाक मारायची आणि मठातल्या यंत्राने ती ऐकायची. डोंगरावर उंच अँटेना उभारलेली. उद्या नारळी पौर्णिमा. समुद्राला नारळ दिला की होड्या बाहेर पडणार, आणि पहिली होडी प्रणीतच्या थोरल्या भावाची, दिगंबरची.

पण यंत्र ऐकत नव्हतं. शीळ घालत होतं.

"परवा दादाने खाडीच्या तोंडावरच्या बेटामागून घसा फुटेपर्यंत हाका मारल्या," प्रणीत म्हणाला. "एक अक्षर आलं नाही. आता म्हणतो, खोकं परत घे. गेल्या वर्षी होडी भरकटली तेव्हाही कुणी ऐकलं नव्हतं, आता खोकं घेऊनही कुणी ऐकत नाही, मग वजन कशाला वाहू?"

"बरोबर म्हणतो."

"अक्का!"

इतक्यात आतून इंदुवहिनी आल्या. इंदुवहिनी खारवी, गावातल्याच. त्यांच्या सोळा सोमवारांचं आज उद्यापन. मठात मेहुणं जेवायला बोलावलेली, सकाळपासून त्यांचा जीव टांगणीला लागलेला.

"काय बिघडलंय?" त्यांनी विचारलं.

"मिक्सर," प्रणीत वैतागून म्हणाला.

"अगंबाई! मग चटणी पाट्यावर वाटायची का?"

"वहिनी, तो मिक्सर नव्हे हो!"

"असं होय. मग हा कसला?"

प्रणीतने कपाळावर हात मारला. अक्कांनीच सांगितलं.

"होडीतून येतो तो सूर अगदी बारीक. त्याच्यात यंत्र आपला एक मोठा सूर मिसळतं, तेव्हा कुठे तो आपल्या कानाजोगा होतो. मिसळतं म्हणून मिक्सर."

"मग बरंय की."

"बरं असतं, मोठा सूर जागेवर राहिला तर. याचा निसटतो. अँटेनाच्या तोंडाशी जातो, तिथे जोड नीट जुळलेला नाही, म्हणून आपटून माघारी येतो. आणि यंत्राला वाटतं, बाहेरून कुणीतरी बोलतंय."

इंदुवहिनी यंत्राजवळ वाकल्या.

"म्हणजे आपलंच बोलणं आपणच ऐकत बसायचं?"

"तेच."

"आमचे हे तसेच आहेत," इंदुवहिनी म्हणाल्या आणि पदर खोचून आत गेल्या.

प्रणीतला हसू आलं नाही.

"अक्का, तुम्हाला उत्तर माहीत आहे."

"आहे."

"मग सांगा ना! दादा उद्या निघणार. हा सेट न घेता निघणार. तुम्हाला कळतंय ना?"

"सांगितलं होतं. वर्गात."

"कधी?"

"तू तेव्हा फळ्यावरची माझी चूक दाखवत होतास."

अक्कांनी डाळिंब्यांचं पातेलं उचललं. गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"चल. पानं मांडलीत. दाराशी उभा राहा."

"मी? आत्ता?"

"मेहुणांपुरतीच पानं आहेत. कुणाला आत सोडायचं ते तू बघ."

"अक्का, मी इथे यंत्र दुरुस्त करायला आलोय. दारवान व्हायला नाही!"

"दाराचं काम तुला चांगलं येतं," अक्का म्हणाल्या. "यंत्रात गाळण्या किती कडक बसवतोस."

त्या स्वयंपाकघरात गेल्या. प्रणीत धुसफुसत दाराशी उभा राहिला.

मेहुणं येऊ लागली. नवरा पुढे, बायको मागे, हातात फुलांची पुडी. प्रणीत नाव विचारी आणि आत सोडी.

पण श्रावणी सोमवारी मठात पंगत असते, हे पंचक्रोशीला ठाऊक. उद्यापनाचं सगळ्यांना कुठून ठाऊक असणार? होड्या रंगवणारे आले. जाळी विणणाऱ्या बाया आल्या. उद्यासाठी नारळ देवापुढे ठेवून न्यायला कोळीवाड्यातली म्हातारी माणसं डोंगर चढून आली. भटजींचा मेव्हणासुद्धा आला, एकटाच, कारण त्याची बायको रागावून माहेरी गेलेली.

"जोडीने आलात का?" प्रणीत विचारी.

"नाही बुवा."

"मग नाही सोडता येणार. आज मेहुणंच आहेत."

"अरे, मी भटजींचा मेव्हणा!"

"मेव्हणा नको आहे. मेहूण हवंय."

भटजींच्या मेव्हण्याने त्याच्याकडे असं पाहिलं की दुसऱ्या कुणाला घाम फुटला असता.

प्रणीत मात्र हलला नाही. नियम म्हणजे नियम. आत जे हवं तेच जाईल, बाकीचं परत.

मग पायऱ्यांवरून दिगंबर आला. काखेत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला सेट.

"प्रण्या, जरा बोलायचं होतं."

"दादा, आत्ता नाही."

"फार नाही रे, दोनच—"

"आपली वहिनी माहेरी आहे ना? एकट्याला नाही सोडता येत."

"मी जेवायला नाही आलो, मेल्या!"

"मग तर नंतरच ये."

दिगंबर क्षणभर उभा राहिला. दोन पायऱ्या उतरला आणि कठड्याला टेकून राहिला.

आता गंमत अशी, की परत पाठवलेलं माणूस परत गेलंच नाही. जाणार कुठे? एवढा डोंगर चढून आलेलं. सगळी पायऱ्यांवरच थांबली. वर येणाऱ्या मेहुणांना त्यांच्यातून वाट काढावी लागे. कुणाला बहीण भेटे, कुणाला व्याही. आत बसलेली एक बाई बाहेर जावेचा आवाज ऐकून पानावरून उठली आणि दाराशी येऊन बोलत उभी राहिली. नारळवाल्या म्हाताऱ्या मागच्या बाजूने वळसा घालून स्वयंपाकघरातून आत शिरल्या. भटजींचा मेव्हणा खिडकीतून भटजींना हाका मारू लागला.

आत भटजी संकल्प सांगत होते. इंदुवहिनींनी त्यांच्यामागून म्हणायचं.

"काय म्हणालात?" इंदुवहिनी.

भटजी पुन्हा म्हणाले.

"ऐकूच येत नाही हो!"

प्रणीतने दार लावून घेतलं.

आवाज वाढला. आता दारावर थापा पडू लागल्या. बाहेर राहिलेलं एक मेहूण ओरडत होतं, "अरे, आम्हाला बोलावलंय!" प्रणीतने आतलं दुसरं दारही लावलं. दाराला पाठ लावून उभा राहिला. घामाने डबडबलेला.

"माझं उद्यापन!" इंदुवहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. "आजच्या दिवशी माझ्या दारातून माणसं उपाशी परत पाठवता? अक्का, अहो अक्का, या मुलाला काही सांगा!"

अक्का स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. एका काखेत सतरंजीची गुंडाळी, दुसऱ्या हातात पत्रावळींची चळत. प्रणीतकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

त्या बाजूच्या दाराने पडवीत गेल्या. सतरंजी उलगडली. पत्रावळी मांडल्या.

"बसा," त्या पायऱ्यांकडे बघून म्हणाल्या.

एवढंच.

होडी रंगवणारे बसले. जाळीवाल्या बसल्या. नारळ बाजूला ठेवून म्हाताऱ्या बसल्या. भटजींचा मेव्हणा मान वळवून बसला, पण बसला. मग पायऱ्या मोकळ्या झाल्या, आणि थांबलेलं मेहूण सरळ वर आलं. लावलेली दारं कुणीतरी उघडली.

पडवीत भात वाढला गेला. तेच बिरडं, तोच चुरमा. पानावर वरण पडलं तसा आवाज खाली आला… आणि खाली येत येत थांबला.

आत भटजींचं अक्षर न् अक्षर ऐकू येऊ लागलं. इंदुवहिनींचा आवाज त्यांच्यामागून, थरथरत, पण स्वच्छ.

प्रणीत तिथेच उभा.

"अक्का," तो हळूच म्हणाला, "त्यांना आमंत्रण नव्हतं ना?"

"नव्हतं."

"मग?"

"मग काय? भूक होती."

प्रणीत पडवीकडे बघत राहिला. मग दाराकडे बघितलं. मग एकदम वळला आणि यंत्राच्या खोलीकडे धावला.

मिक्सरमधून हव्या सुराबरोबर नको असलेलेही निघतात. प्रणीतने मिक्सरच्या तोंडाशीच एक कडक गाळणी बसवली होती. हवा तो सूर पुढे, बाकीचे माघारी. आणि माघारी गेलेले सगळे पुन्हा मिक्सरमध्येच घुसून गोंधळ घालत होते. त्याला तो गोंधळ बाहेरचा वाटला होता, म्हणून तो भिंती वाढवत गेला.

आता त्याने गाळणीशेजारी एक वाट काढली. एक कॉइल, एक कपॅसिटर, आणि वाटेच्या शेवटी एक छोटा रेझिस्टर. नको असलेल्या सुरांनी तिथे जायचं, त्यात मुरायचं, नुसती ऊब होऊन संपायचं. कुणालाही माघारी पाठवायचं नाही.

यंत्र लावलं.

शीळ निम्मी झाली. पण होती.

"अक्का!" तो तिथूनच ओरडला.

अक्का हात पुसत आल्या. मेहुणांची दक्षिणा चालली होती; बायकांच्या बांगड्या आतून वाजत होत्या.

"कमी झाली," प्रणीत म्हणाला, "पण जात नाही. जीव खाल्लाय हिने माझा. दादा कुठे आहे?"

"जेवून गेला."

"काय म्हणाला?"

"मला काही नाही म्हणाला. त्याला तुझ्याशी बोलायचं होतं."

प्रणीतने ओठ चावला.

"सेट ठेवून गेला?"

"ठेवायलाच आला होता. मी म्हटलं, उन्हं उतरली की एकदा बेटामागून हाक मार. नाही ऐकू आलं, तर तिथेच समुद्रात टाकून दे. माझ्या नावाने."

"समुद्रात? अक्का, त्या सेटची किंमत माहिताय तुम्हाला?"

"दिगंबरची तुला माहीत आहे का?"

प्रणीत पुन्हा यंत्राकडे वळला.

"आता पुढे सांगा," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"अँटेना आणि मिक्सर यांच्यामध्ये एक अटेन्युएटर घाल."

प्रणीतला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. अटेन्युएटर म्हणजे येणारा सूर मुद्दाम कमी करणारा तुकडा.

"घालू? कमी करू? अक्का, दादाचा आवाज आधीच धाग्यासारखा येतो, आणि तुम्ही म्हणता तो अजून कमी करा? लोक अँटेनाशी आवाज वाढवतात! कोणत्या पुस्तकात आहे हे?"

"तू वाचलेल्यात आहे. पान उलटलं असशील."

"त्याचा आवाज मरेल!"

"त्याचा आवाज आत येताना एकदा कमी होईल," अक्का म्हणाल्या. "तुझा सूर बाहेर जाताना एकदा कमी होईल. आणि परत येताना पुन्हा एकदा."

प्रणीतने बोटांवर मोजलं: दादाचा एकदा, आपला दोनदा.

त्याने अटेन्युएटरसाठी छोटे रेझिस्टर शोधले. जोडणी केली, फुंकर मारली, यंत्र लावलं.

शीळ गेली.

खोलीत नुसती खसखस उरली. वाळूवर पाणी ओसरताना होते तशी.

उन्हं उतरली. भटजी चहाला थांबले होते. इंदुवहिनी कप घेऊन आल्या. त्यांच्या कपाळाचं कुंकू घामाने पसरलेलं, चेहरा मात्र निवलेला. सगळी यंत्राच्या खोलीत बसली.

खसखस…

"काहीच येत नाही," प्रणीत म्हणाला.

अक्कांनी कप उचलला.

"आधी निदान शीळ तरी यायची! आता तेही नाही. म्हटलं होतं मी. मारला आपण त्याचा आवाज."

अक्का चहा पीत होत्या.

"मी आवाज वाढवून बघतो. नाहीतर मीच हाक मारतो त्याला."

"बस."

"पण अक्का, तो सेट टाकून देईल!"

"बस म्हटलं ना."

प्रणीत बसला. पाय हलवत राहिला. भटजींनी त्याच्या गुडघ्याकडे पाहिलं, मग त्याने पायही थांबवला.

खसखस… खसखस…

आणि त्या खसखशीतून, लांबून, बारीक, पण धुतल्यासारखा स्वच्छ—

"प्रण्या… ए प्रण्या… ऐकतोयस का रे?"

इंदुवहिनींनी हात जोडले. भटजींच्या हातातला चहा बशीत सांडला.

प्रणीत ताडकन उठला. "आला! अक्का, आला! बघितलंत? बेटामागून! एक अक्षर तुटत नाहीये!"

"…नाहीच ऐकत," आवाज म्हणाला. "माहीत होतं मला. अक्कांनी सांगितलं म्हणून बोलतोय. नाहीतर हे खोकं केव्हाच…"

प्रणीतचा हात माइककडे गेला. बटण दाबायचं, की यंत्र बोलू लागणार. बोलू लागलं की तेवढा वेळ ऐकणं बंद.

"…दारातून परत पाठवलंस मला. आमंत्रण नाही म्हणे. थोरला भाऊ मी तुझा. आई गेल्यावर शाळेत सोडायला यायचो, तेव्हा नाही मागितलंस आमंत्रण…"

भटजी खाकरले आणि आढ्याकडे बघू लागले. प्रणीतचे कान लाल झाले. तो आवाजाचं बटण शोधू लागला, कमी करायला.

इंदुवहिनींनी कप गोळा केले. "भटजी, जरा बाहेर येता? तुमचे मेव्हणे अजून पडवीत बसलेत." दोघं उठून गेली. दार नुसतं लोटलेलं राहिलं.

खोलीत अक्का, प्रणीत, आणि तो आवाज.

"…तुझं सगळं बरोबर असतं. नाही म्हणत नाही मी. दादा असं धर, दादा इथे दाब. पण मी आज काही दुसरंच सांगायला आलो होतो रे…"

खसखस.

"…तू ऐकत नाहीयेस म्हणूनच बोलवतंय बहुतेक. गेल्या वर्षी होडी भरकटली ना… तेव्हापासून मला पाण्याची भीती वाटते. तांडेलाच्या मुलाला! नांगर उचलताना हात कापतात. तुझ्या वहिनीलाही नाही सांगितलं. उद्या सगळे नारळ घेऊन किनाऱ्यावर जमणार, वाजतगाजत, आणि मी पहिला… मला जायचंच नाहीये, प्रण्या…"

प्रणीतने माइक उचलला. डोळे भरून आले होते, आणि सांगायला कितीतरी होतं. यंत्र आता ऐकतंय, दादा. आता कसली भीती? आता तू कुठूनही हाक मार…

त्याचा अंगठा बटणावर टेकला.

अक्कांनी त्याच्या हातावर हात ठेवला.

"थांब," त्या म्हणाल्या. "त्याचं अजून संपलेलं नाही."